फॅट तीन, आबा सात

बारामतीच्या एमआयडीसीत आमच्या कंपनीची एकच खोली थंड होती, आणि त्या खोलीत आमचे सर घोंगडं पांघरून बसायचे. बाहेर मे महिन्याचं ऊन पत्रे तापवत असायचं, आम्ही सगळे पंख्याखाली घाम पुसत असायचो, आणि काचेपलीकडे हा माणूस काळं घोंगडं खांद्यावरून घेऊन, कानटोपी घालून, सर्व्हरच्या कपाटाशेजारी बसलेला. नव्याने येणाऱ्याला वाटायचं, मेंढ्या राखणारा कुणीतरी चुकून आत शिरलाय. हे कानावर गेलं की ते खूश व्हायचे.

"चुकून न्हाय," ते म्हणायचे. "मेंढ्याच राखतोय."

मेंढ्या म्हणजे आमचे डबे. आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी यंत्रं बनवतो. सकाळी माणूस किटली घेऊन केंद्रावर येतो, दुधाचं वजन होतं, फॅट लागते, तिच्यावर भाव ठरतो, चिठ्ठी छापून हातात पडते. वजनकाटा, फॅटचं मशीन आणि प्रिंटर यांना जोडणारा एक करडा डबा भिंतीवर असतो. तो एक छोटा संगणकच. डब्याचं आतलं सगळं ते बघायचे आणि गावोगाव तो चालू राहील हे मी बघायचे. सर्व्हिस माझ्याकडे होती, अजून आहे.

डब्यातलं सॉफ्टवेअर अधूनमधून बदलावं लागतं. ते आमच्या सर्व्हरवर झाकण लावलेल्या बरण्यांसारखं भरून ठेवलेलं असतं. इंजिनिअर लोक अशा बरणीला कंटेनर इमेज म्हणतात आणि बरण्यांच्या कपाटाला रजिस्ट्री. गावातला डबा या कपाटाला हाक मारतो आणि नवी बरणी मागतो. पण घेण्याआधी विचारतो, तू आमचंच कपाट कशावरून? मग सर्व्हर आपलं प्रमाणपत्र दाखवतो. त्यावरची सही डबा आपल्या खिशातल्या सहीशी ताडून बघतो. जगातल्या मोठमोठ्या सह्या डब्याला आधीपासून माहीत असतात. आमचं कपाट मात्र खासगी, सही घरची. ती घरची सही प्रत्येक डब्याच्या खिशात कुणीतरी आधी नेऊन ठेवावी लागते, नाहीतर डबा आपल्याच माणसाला दारात उभं करत नाही.

ती सही त्यांची होती.

मी कंपनीत रुजू झाले त्या दिवशी मालकांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. मी काचेचं दार ढकललं. त्यांनी मान वर केली.

"कुठल्या?"

"वडगावची."

"कंचं वडगाव? वडगावं लई हायत."

"वडगाव निंबाळकर."

"हितं कुणी धाडलं?"

"मालकांनी."

"समक्ष सांगितलं का फोनवर?"

मी म्हटलं, समक्ष. ते उठले, मालकांच्या केबिनपर्यंत चालत गेले, विचारून आले, आणि मग मला खुर्ची दिली. चहा मागवला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'वडगावच्या बाई' झाले. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मीही त्यांना सर याशिवाय दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

'समक्ष' हा त्यांचा आवडता शब्द. मोबाईलवर आलेल्या लग्नपत्रिकेला ते जात नसत. "कागुद आला, माणूस कुठं हाय?" म्हणायचे. मालकांच्या पुतण्याचं लग्न होतं तेव्हा मालकांनी सगळ्यांना एकत्रच मेसेज टाकला. मांडवात सगळी कंपनी होती, हे नव्हते. दुसऱ्या दिवशी मालक चिडले, तर हे शांतपणे म्हणाले, "मला वाटलं कुणीतरी तुमच्या नावानं टाकलाय." मालकांना हसावं की रागवावं कळेना. मग मालकांनी पेढ्यांचा बॉक्स स्वतःच्या हाताने नेऊन दिला तेव्हा कुठे त्यांनी पेढा खाल्ला.

एकदा कुणा भामट्याने बँकेतून बोलतोय म्हणून त्यांना फोन केला आणि ओटीपी मागितला. यांनी त्याला फार अदबीने सांगितलं, "देतो की. आधी तुमचा अंगठा वाचा." तो म्हणाला, काय वाचू? हे म्हणाले, "मग सायेब तुमी समक्षच या, मी वरकुट्याचा हाय, कुणीबी घर दावंल." ऑफिसात आम्ही पोट धरून हसलो. त्यांना मात्र त्यात विनोद काय ते समजलं नव्हतं.

हा 'अंगठा' समजावून सांगायला हवा. प्रत्येक प्रमाणपत्राला बोटांच्या ठशासारखी खूण असते. आकडे आणि इंग्रजी अक्षरं यांची चांगली लांबलचक माळ. डब्यात सही ठेवल्यावर डब्याच्या छोट्या पडद्यावर ती माळ दिसते. त्यांचा नियम असा की सही ठेवायला माणसाने स्वतः गावात जायचं, डब्याचे स्क्रू काढायचे, आतलं बारीक बटण दाबून धरायचं आणि पेनड्राइव्हमधून सही आत घालायची. ते बटण दाबल्याशिवाय सहीचा कप्पा उघडतच नाही. मग तिथूनच ऑफिसला फोन लावायचा आणि पूर्ण माळ मोठ्याने वाचायची. ऑफिसातल्या माणसाने कागदावर बोट ठेवून ऐकायची. एक अक्षर चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून.

केंद्रावर गर्दी, मशीनची घरघर, म्हशींचा आवाज. फोनवर बी, सी, डी, ई सगळं एकसारखं ऐकू यायचं. म्हणून त्यांनी अक्षरांना नावं ठेवली. माळेत अक्षरं फक्त एफपर्यंतच असतात. ए म्हणजे आबा. बी बारामती. सी सीताफळ. डी डेअरी. ई इंदापूर. एफ अर्थातच फॅट. त्यांच्या सहीची माळ सुरू व्हायची ती अशी: फॅट तीन, आबा सात, इंदापूर शून्य, डेअरी डेअरी... पुढे बरंच. केंद्रांवरच्या लोकांना तिची सुरुवात पाठ झाली होती. आमची गाडी गावात शिरली की दूध घालायला आलेली माणसं म्हणायची, "आलं, फॅट तीन आबा सात आलं."

पुण्याहून आलेल्या एका इंजिनिअरने त्यांना विचारलं होतं, "सर, तपासणीच बंद करता येते. एक ओळ टाकायची. सगळे तात्पुरतं तसंच करतात. दुधाच्या डब्यावर हल्ला कोण करणार?"

ते चिडले नाहीत. म्हणाले, "फॅटचा एक पॉइंट हलवायला कुणाचं जास्त काय जातंय? माणूस पहाटं चारला उठून धार काढतोय. चिठ्ठीवर यील ते खरं मानतोय. त्यो डब्यावर इस्वास ठिवतोय, तर डब्यानं कुणावर ठिवायचा ते आपण नको का बगाय?"

आमच्या घरचं दूधही वडगावच्या केंद्रावरच जातं. माझे सासरे रोज चिठ्ठी नीट घडी घालून खिशात ठेवतात. त्यामुळे मला हे फार समजावून सांगावं लागलं नाही.

त्यांचा हा कडक नियम एकदा आमच्याच अंगाशी आला. वाऱ्यापावसाने इंदापूरकडची लाइट बरेच दिवस गेली. परत आली तेव्हा डबे सुरू झाले, पण त्यातली घड्याळं चालवणारे बारीक सेल संपलेले. डब्यांना वाटलं, १९७० साल चालू आहे. संगणक लोकांची कालगणना तिथून सुरू होते म्हणे. चिठ्ठ्यांवर एक जानेवारी एकोणीसशे सत्तर छापून यायला लागलं. एका केंद्रावर एक म्हातारे माझ्यापुढे चिठ्ठी नाचवत म्हणाले, "बाई, तवा माजं लगीनबी झालं नव्हतं, आन् म्या म्हशीचं दूध घातलं?"

दुरून दुरुस्ती पाठवावी तर डबे घेईनात. सर्व्हरचं प्रमाणपत्र अलीकडचं, आणि डबे सत्तर सालात. म्हणजे त्यांच्या मते ते प्रमाणपत्र अजून तयारच झालं नव्हतं. बरोबर वेळ सर्व्हरकडून घ्यायची सोय होती, पण सर्व्हरवर भरवसा ठेवायला आधी वेळ बरोबर हवी. मालक डोकं धरून बसले. पुण्याचे इंजिनिअर फोनवर म्हणाले, आता तरी तपासणी बंद करा. हे घोंगड्यातून म्हणाले, "डबा खोटं बोलत न्हाय. त्याच्या हिशोबानं आपण अजून जल्मलोच न्हाय. न जल्मलेल्या माणसावर त्यानं इस्वास ठिवावा म्हणता?"

मग ते उठले, बाजारातल्या घड्याळवाल्याकडून सेलची पाकिटं आणली, आणि माझ्या सर्व्हिसच्या गाडीत येऊन बसले. आम्ही गावोगाव फिरून सेल बदलले, घड्याळं हाताने लावली. त्यांच्या तोंडून मी एवढं बोलणं ऐकलं ते त्याच फेरीत.

वरकुट्याच्या अलीकडे रस्त्यात मेंढरं आडवी आली. आम्ही गाडी थांबवली. त्यांनी काच खाली केली आणि कळप पुढे सरकेपर्यंत बघत राहिले. त्यांच्या वडिलांचा कळप होता. ते शिकले, पुण्यात टेलिफोनच्या नोकरीत राहिले, भावांनी मेंढरं विकून शेती केली.

"मेंढी आपलं कोकरू कसं वळखती ठावं हाय का बाई?"

"वासाने."

"वासानं. दुसऱ्याचं कोकरू जवळ आलं तर ढुशी मारती. एकदा एका मेंढीचं कोकरू मेलं. आन् दुसरं एक कोकरू, त्याची आई मेलेली. आमच्या बापानं काय केलं, मेलेल्या कोकराचं कातडं काढलं आन् ह्या जित्याच्या अंगावर बांधलं. सोडलं मेंढीपुढं. तिनं हुंगलं. फुडनं हुंगलं, मागनं हुंगलं. आन् पाजलं."

"मग चांगलंच झालं की. दोघंही जगली."

"व्हय. बापबी खूश. चार दिसांनी कातडं सोडलं, तवर तिला त्याची सवय झालती. ठिवून घेतलं तिनं." कळप संपला होता, तरी मी गाडी सुरू केली नव्हती. "म्या ल्हान व्हतो. पर त्या मेंढीच्या तोंडाकडं मला बगवंना. तिनं समदं बराबर तपासलं व्हतं. चूक तिची न्हवती."

मी गाडी गिअरमध्ये टाकली.

त्यांच्यात दोष नव्हते असं नाही. सर्व्हरचं प्रमाणपत्र दर वर्षी नवं करावं लागतं आणि त्यावर घरची सही लागते. ती सही करायची किल्ली एका जुन्या लॅपटॉपवर होती. त्याला त्यांनी कधी इंटरनेट दाखवलं नाही. किल्लीला एक परवलीचा शब्द होता आणि तो फक्त त्यांना ठाऊक होता. मी अनेकदा म्हटलं, "सर, अजून एकाला सांगून ठेवा. उद्या काही झालं तर?" ते म्हणायचे, "दोघांना कळलं की गावाला कळलं." हा हट्ट होता आणि चुकीचा होता. मी तेव्हाही तसं तोंडावर म्हटलं होतं. ते हसले होते.

निवृत्त होऊन ते वरकुट्याला राहायला गेले, पण वर्षातून एकदा एसटीने यायचे. घोंगडं घेऊनच. थंड खोलीत बसायचे, आम्हाला बाहेर काढायचे, शब्द टाइप करायचे, सही करायचे. मग माझ्या टेबलाशी येऊन एक कप चहा. "झालं बगा वडगावच्या बाई. अजून एक वरीस तुमचे डबे वळखतील." मी त्यांना बसस्टँडवर सोडायचे. त्या दिवसाची मी वाट बघायचे, हे मला ते यायचे बंद झाल्यावर समजलं.

यंदा ते आले नाहीत. फोन त्यांच्या सुनेने उचलला. म्हणाली, "ताई, त्यांना आता कायबी आठवत न्हाय."

मालकांनी मला आणि पुण्याच्या इंजिनिअरना बोलावलं. जुन्या प्रमाणपत्राची मुदत संपत आलेली. ती संपली की एकही डबा सर्व्हरला दारात उभं करणार नव्हता. तपासणी बंद करण्याची ओळ मात्र दुरून पाठवता येत होती, एका दुपारचं काम. मालकांनीच पूर्वी हट्टाने तेवढं एक दार उघडं ठेवायला लावलं होतं.

"टाका ओळ, विषय संपवा," मालक म्हणाले.

"मी आधी वरकुट्याला जाऊन येते," मी म्हटलं.

ते अंगणात बाजेवर बसले होते. मे महिना, तरी घोंगडं खांद्यावर. वाळले होते. मला बघून हात जोडले. ओळखीचे नव्हे, पाहुण्याला जोडतात तसे.

"आण्णा, बारामतीच्या हापिसातनं आल्यात," सून म्हणाली.

"या. पाणी दे गं."

मी पाणी प्यायले. मग सरळच म्हटलं, "सर, सही करायची आहे. परवलीचा शब्द हवा होता."

त्यांचे डोळे एकदम जागे झाले. शब्द त्यांच्याकडे होता. मला स्पष्ट दिसलं.

"हाय," ते म्हणाले. "ध्येनात हाय. पर तुमी कोण?"

मी सांगितलं. कंपनी, मालक, डबे, इतकी वर्षं. ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि माझ्या चेहऱ्यात काही शोधत होते. मग त्यांनी मान हलवली.

"परक्याला देत न्हाय. वाईट वाटून घिऊ नगा."

सून मला आत घेऊन गेली. चहा टाकत हळूच म्हणाली, "ताई, एक सांगू का? आमच्या आत्याबाईंना वळखत्यात ते. त्यांच्या धाकट्या भणीला. त्या वारल्या, पर ह्यांच्या ध्येनात न्हाय. डोक्यावर पदर घ्या, 'दादा' म्हणून हाक मारा आन् इचारा. लगेच सांगत्याल. औशद घेत न्हाईत तवा म्या तसंच करते. माझ्या हातनं घेत न्हाईत, भणीच्या हातनं घेत्यात."

तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. म्हाताऱ्याला औषध गेलं पाहिजे, एवढंच तिला कळत होतं. तिचं चुकतही नव्हतं. आणि माझंही काम सोपं होत होतं. एक हाक, एक शब्द, आणि सगळ्या डब्यांचं भागत होतं. मी पदराला हात लावला.

दारातून ते दिसत होते. बाजेवर ताठ बसून रस्त्याकडे बघत होते.

मी पदर पुन्हा खोचला. चहा घेतला. निघताना त्यांच्यापुढे वाकून नमस्कार केला, आणि त्यांनी परक्या बाईला द्यावा तसा संकोचून आशीर्वाद दिला.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं की नवी घरची सही करायची, आणि ती प्रत्येक डब्यात समक्ष जाऊन ठेवायची. मालक म्हणाले, किती वेळ जाईल? मी म्हटलं, जाईल तेवढा जाईल; मुदत संपली तरी डबे दूध मोजायचं थांबत नाहीत, फक्त नवं काही घेत नाहीत, तेवढं चालेल. पुण्याच्या इंजिनिअरनी नवी किल्ली तयार करून दिली. या वेळी परवलीचा शब्द दोघींना ठाऊक आहे, मला आणि ऑफिसातल्या माझ्या जोडीदारणीला. त्यांना हे आवडलं नसतं. नसू दे.

आमच्या माणसांनी भाग वाटून घेतले. वडगाव, माळेगाव, पुढे इंदापूरकडची गावं. लोक विचारायचे, "बाई, फॅट तीन आबा सात न्हाय का आता?" मी सांगायचे, बदललं. "का वो?" याचं उत्तर मी देत बसले नाही. वरकुट्याचा डबा मी मुद्दाम शेवटी ठेवला आणि माझ्याकडेच ठेवला.

संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. केंद्रात शिरले तर भिंतीकडेच्या बाकावर ते बसलेले. केंद्राच्या सचिव ताई म्हणाल्या, "आण्णा रोज येत्यात. मशीनचा आवाज ऐकत बसत्यात." किटल्या घेऊन चारपाच माणसं रांगेत होती. मी म्हटलं, जरा थांबा. स्क्रू काढले, बटण दाबून धरलं, सही आत घातली, ऑफिसला फोन लावला आणि पडद्यावर बघून वाचायला लागले.

"डेअरी नऊ. सीताफळ दोन. बारामती बारामती. आठ..."

"हा आपला न्हाय."

मी वळले. ते उभे राहिले होते.

"आपला फॅट तीन. आबा सात. इंदापूर शून्य. डेअरी डेअरी." आवाज तोच, थंड खोलीतला. "हा दुसराच कुणाचा हाय."

रांगेतलं कुणी हसलं नाही.

"होय सर," मी म्हटलं. "हा नवा आहे."

"सही कुणाची?"

"माझी."

ते घोंगडं सावरत जवळ आले. डब्याकडे बघितलं, उघड्या झाकणाकडे, बटणावर ठेवलेल्या माझ्या बोटाकडे. मग माझ्याकडे.

"तुमी कुठल्या?"

"वडगावची."

"कंचं वडगाव? वडगावं लई हायत."

फोनमधून जोडीदारीण विचारत होती, मॅडम, आवाज येतोय का?

"वडगाव निंबाळकर," मी म्हटलं.

त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. कुठे काही हललं असं मला दिसलं नाही, आणि मी उगाच तसं म्हणणार नाही.

"समक्ष आलाय न्हवं?"

"समक्ष आलेय."

"मग पुन्यांदा वाचा. पयल्यापासनं. घाई करू नगा."

ते डब्याशेजारी, माझ्या खांद्याजवळ उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. मी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा घातला, आणि पहिल्यापासून सुरुवात केली. डेअरी नऊ. "हं," ते म्हणाले. सीताफळ दोन. "हं."